‘वरून नाही म्हणतात’

दिवाळी अंकाच्या संपादकांनी मला विषय दिला तो असा : ‘पुरवठा साखळी जोडल्याने उद्योग कसा टिकतो’. विषय भारदस्त आहे. तो माझ्याकडे आला, कारण नाशिकच्या सातपूर-अंबडमध्ये अजूनही असा समज आहे की आमच्या कारखान्यात ही साखळी मी जोडली. निवृत्तीच्या समारंभात हेच बोललं गेलं, नंतरच्या सत्कारांतही हेच, आणि मी दर वेळी हार घालून घेऊन निमूट खाली बसलो. माझं वय झालं. आता हा समज पुढे जाऊ द्यायचा नाही असं ठरवलंय. विषयाला धरूनच लिहितो, फक्त त्यातली माझी जागा मी बदलणार आहे.

मी खैरनार. फवारणी पंपांच्या कारखान्यात, खरेदी खात्यात, सारी नोकरी काढली. ज्यांनी द्राक्षाचा मळा लांबून पाहिलाय त्यांच्यासाठी सांगतो : आमचा पंप ट्रॅक्टरच्या मागे लागतो. तो टाकीतलं मोरचुदाचं औषध जोराने नळीत ढकलतो आणि शेवटी नोझल नावाच्या बोटाच्या पेराएवढ्या पितळी तोंडातून ते धुक्यासारखं पानांवर बसतं. कारखान्यात यातलं फार थोडं बनायचं. टाकी एकाची, नळी दुसऱ्याची, ओतीव भाग तिसऱ्याचे. आम्ही सगळं जोडायचो, रंग द्यायचो आणि आमचं नाव लावायचो. बाहेरून माल बनवून देणाऱ्या या मंडळींना आम्ही व्हेंडर म्हणत असू आणि त्यांना सांभाळणं ही माझी नोकरी.

नोझल करायचे बापू निकम. मूळचे चांदवडकडचे. तरुणपणी ओझरच्या विमान कारखान्यात त्यांनी शिकाऊ म्हणून थोडी वर्षं काढली होती आणि ती ते कुणाला विसरू द्यायचे नाहीत. आमच्या तपासनिसाने एखादी पेटी परत पाठवली की अंबडहून स्कूटर काढून स्वतः यायचे.

‘‘विमानाला चाललं असतं हे. तुमच्या पंपाला चालंना?’’

‘‘बापू, विमानात मोरचूद घालत नाहीत.’’

‘‘घालून बघा एकदा. नोझल नाय गळायचं, विमान गळंल.’’

अंबडला त्यांचा छोटा गाळा होता, खाली लेथ आणि वर दोन खोल्यांचं घर. घरात मंदाताई. त्यांचं माहेर मखमलाबादचं, फुलांच्या मळ्यातलं. गाळ्याचा हिशोब, कामगारांचे डबे आणि बापूंचा राग, तिन्ही त्याच सांभाळायच्या.

आता आमच्या धंद्यातला एक शब्द सांगतो, कारण पुढचं सगळं त्या शब्दामुळे घडलं. शब्द आहे ‘वरून’. खरेदी खात्यातल्या माणसाला दिवसभर नाही म्हणावं लागतं. भाव वाढवून हवा, नाही. मुदत हवी, नाही. समोरचा माणूस तर रोजचा, त्याच्या लग्नकार्यात आपण जेवून आलेलो. मग जीभ आपोआप वळते : ‘‘माझं काही नाही हो, वरून नाही म्हणतात.’’ वरून म्हणजे नेमकं कोण हे कुणी विचारत नाही. वर छत असतं, पंखा असतो. पण हा शब्द उच्चारला की आपण चांगले राहतो आणि नकार कुठल्या तरी अदृश्य माणसाच्या नावावर जमा होतो. मी हा शब्द दिवसाला किती वेळा वापरला असेल देव जाणे. बहुतेक वेळा वर कुणाला काही विचारलेलंच नसे.

नव्वदीच्या मधल्या वर्षांत आमच्याकडे बर्वे नावाचे नवे जनरल मॅनेजर आले. उंच, अबोल, पुण्याचे. पहिल्याच आठवड्यात त्यांनी मला गोदामात नेलं. छतापर्यंत पेट्या होत्या. एका पेटीवरची धूळ बोटाने पुसत ते म्हणाले, ‘‘खैरनार, हा माल नाही. आपल्याला उद्याचं काही माहीत नाही, त्या भीतीचा हा ढीग आहे.’’

त्यांची पद्धत सोपी होती. माल गोदामात येणारच नाही. व्हेंडरने दिवसातून दोनदा, लागेल तेवढाच माल थेट जोडणीच्या टेबलावर आणून द्यायचा. आज हे सगळ्यांना ठाऊक आहे, तेव्हा नाशकात नवं होतं. आणि एक गोष्ट त्यांनी त्याच वेळी बजावली होती, जी मी कुठल्याही भाषणात सांगितली नाही. ‘‘व्हेंडरकडे काय पडून आहे तेही मला दर आठवड्याला कळलं पाहिजे. नाहीतर आपण गोदाम बंद केलं नाही, त्यांच्या घरात हलवलं, असं होईल.’’

व्हेंडरांना मी त्यातलं पहिलं अर्धं सांगितलं.

अडचण खरी होती. पितळेच्या सळया कधी येत, कधी येत नसत. वीज जायची. शनिवारी सगळं अंबड बंद. दिवसातून दोनदा माल द्यायचा तर बापूंना हाताशी साठा ठेवावाच लागणार होता. मी गाळ्यावर गेलो आणि म्हणालो, ‘‘बापू, थोड्या पेट्या जास्तीच्या करून ठेवा. लाइन थांबली तर मला तोंड दाखवता येणार नाही.’’

‘‘ठेवतो की. ऑर्डर?’’

‘‘ऑर्डर कशाला? मी आहे ना.’’

बापूंनी मान हलवली. आमच्या भागात एवढं बोलणं पुरायचं.

थोड्याच्या पुष्कळ झाल्या. मी दर वेळी आणखी थोड्या म्हणायचो. खाली जागा संपली तशा पेट्या जिन्यात गेल्या, मग वर घरात, कॉटखाली, माळ्यावर. एकदा चहाला वर गेलो तर मंदाताईंनी मला बसायला एक पेटी पुढे केली.

‘‘बसा, भाऊ. तुमचीच आहे.’’

‘‘खुर्च्या कुठे गेल्या?’’

‘‘खुर्च्या गॅलरीत. घरात आता कंपनी राहते, आम्ही पाहुणे.’’ मग चहा गाळता गाळता म्हणाल्या, ‘‘आमचे बाबा बाजारात विचारल्याशिवाय एक फूल तोडत नव्हते. तुम्ही एवढं शिकलेले, आणि विचारायचं कुणाला ते माहीत नाही.’’

बापू हसले. मीही हसलो, आणि चहा पटकन संपवून निघालो.

इकडे आमचं रिकामं गोदाम बघायला इतर कारखान्यांतून माणसं यायला लागली. तिथे टेबल टेनिस मांडलं होतं. मी पाहुण्यांना फिरवायचो. कारखानदारांच्या सभेत मी भाषण केलं : ‘आम्ही साठा संपवला.’ टाळ्या झाल्या. खालच्या रांगेत बापू बसले होते, त्यांनीही वाजवल्या. त्यांना वाटलं असणार, साहेबांच्या भाषेत असंच म्हणत असतील.

बर्वे साहेब दर सोमवारी विचारायचे, ‘‘व्हेंडरकडे काय आहे?’’

‘‘विशेष काही नाही, साहेब.’’

पहिल्या वेळी हे निम्मं खरं होतं. नंतर सवय झाली.

मग नवा पंप आला. त्यात नोझल ज्या दांडीवर बसतं तिचे आटे बदलायचे ठरले. स्क्रूवर जी वळणदार खाच असते तिला आटे म्हणतात. जुने आटे जुन्या मापाचे होते, नवे मेट्रिक. फरक डोळ्यांना दिसत नाही, पण जुनं नोझल नव्या दांडीवर अर्धा फेरा फिरतं आणि अडकतं. निर्णयाच्या बैठकीत बर्वे साहेबांनी सगळ्यांदेखत मला विचारलं, ‘‘जुन्या आट्यांचा माल बाहेर कुठे पडून आहे का? असेल तर आधी तो संपवू. मला घाई नाही.’’

किती साधा प्रश्न होता. ‘हो’ म्हटलं असतं तर सगळं तिथेच मिटलं असतं. पण ‘हो’ म्हणायचं तर मागचे सगळे सोमवार खोटे पडत होते, आणि भाषणही.

मी म्हणालो, ‘‘नाही, साहेब.’’

पुढच्या महिन्यापासून आटे बदलले.

बापूंना सांगायला गेलो तेव्हा खिशात नवी दांडी होती. त्यांनी जुनं नोझल उचलून तिच्यावर फिरवलं. अडकलं. काढून पुन्हा फिरवलं. दुसरं घेतलं. लेथवरचा कामगार मशीन बंद करून बघत उभा राहिला.

‘‘आता हे?’’ बापूंनी वर जिन्याकडे बोट केलं.

‘‘बघतो.’’

‘‘बघतो काय? तुमच्या सांगण्यावरनं केलंय ना? कंपनी घेईल ना?’’

‘‘विचारतो वरती.’’

मी विचारलं नाही. रात्रभर वाक्यं जुळवली, सकाळी बर्वे साहेबांच्या केबिनच्या दारापर्यंत गेलो आणि परत फिरलो. दुपारी अंबडला जाऊन बापूंना म्हणालो, ‘‘वरून नाही म्हणतात. ऑर्डर नव्हती म्हणतात.’’

बापूंनी मशीन बंद केलं. ‘‘बर्व्या म्हणाला असं?’’

मी खाली बघितलं. एक शब्द बोललो नाही. पण खाली बघणं पुरेसं झालं.

‘‘कळलं,’’ बापू म्हणाले. ‘‘तुमचा काय दोष. तुम्ही नोकर माणूस. पुण्याचा असला म्हून काय माणूस नसतो का?’’

नंतरच्या दिवसांत गाळ्याचं काय होत होतं ते मला कळत होतं. बापूंचं सगळं भांडवल त्या पेट्यांत बसलं होतं. नव्या नोझलला लागणारं पितळ द्यायला दुकानदार तयार नव्हता. लेथ विकायचं बोलणं निघालं. एके दिवशी भंगारवाला काटा घेऊन आला, तेव्हा मंदाताई जिन्यातल्या पेटीवर जाऊन बसल्या. भंगारवाला म्हणाला, ‘‘भाभी, उठो ना.’’ त्या म्हणाल्या, ‘‘माझ्यासकट वजन कर.’’ तो काटा उचलून गेला. हे मला बापूंनीच सांगितलं, हसत. हसणं नेहमीसारखं नव्हतं.

हे वाचून कुणी विचारेल, तेव्हा तरी का नाही बोललात? खरं उत्तर इतकंच की रोज वाटायचं, उद्या बोलू. मी वाईट माणूस होतो असं मला वाटत नाही. मी सोयीचा माणूस होतो. बापूंच्या बाबतीत तरी पुढे काही करता आलं. पण रबराचे वॉशर करणारे एक गृहस्थ होते, त्यांच्याकडेही माझ्या तोंडी सांगण्यावरून साठवलेला माल होता, तेही त्याच बदलात अडकले. ते कधी चिडले नाहीत की गाऱ्हाणं घेऊन आले नाहीत. गाळा विकून गावी गेले. ते आता नाहीत. त्यांच्यापुरतं हे लिहिणं उशिरा आलं.

पावसाळ्यात मला डीलरांकडे सटाण्याला जायचं होतं. जाताना बापूंकडून एक पिशवीभर नोझलं मागून घेतली. कशाला, ते मलाही नीट ठाऊक नव्हतं. काहीतरी करतोय असं स्वतःला वाटावं म्हणून असेल.

सटाण्याचे आमचे डीलर काशिनाथ आप्पा. त्या बाजूला द्राक्षाची छाटणी लवकर होते. दिंडोरीकडचा शेतकरी अजून कात्रीला धार लावत असतो तेव्हा सटाण्याकडे, बागलाणात, पानं फुटलेली असतात आणि फवारण्या चालू. आप्पांच्या दुकानासमोर तीन-चार ट्रॅक्टर उभे होते. मागे आमचेच पंप, रंग उडालेले, पण चालू. मी दुकानात पाय ठेवला आणि आप्पांनी सगळ्या गिऱ्हाइकांसमोर आपल्या अहिराणीत सुरुवात केली.

‘‘या, साहेब, या! नवा पंप तुमना भारी शे. पण जुना पंपले नोझल कोठे शे?’’

मला आधी कळलंच नाही. मग त्यांनी उलगडून सांगितलं. नोझल झिजतं. मोरचूद आणि चुन्याचं पाणी त्या बारीक भोकातून रोज जोराने जातं, भोक मोठं होतं, धुकं पडायच्या ऐवजी धार पडते, औषध पानावर न बसता खाली गळतं. म्हणून दर हंगामाला नोझल बदलावं लागतं. आम्ही इतकी वर्षं जे पंप विकले ते सगळे मळ्यामळ्यांत जिवंत होते आणि त्या सगळ्यांचे आटे जुने होते. आटे बदलून आम्ही त्या सगळ्यांना एका फटक्यात अनाथ केलं होतं. एका शेतकऱ्याने रुमालाची गाठ सोडून झिजलेलं नोझल माझ्या हातावर ठेवलं आणि विचारलं, ‘‘नोझलसाठी नवा पंप घेऊ का, भाऊ?’’

मी पिशवी काउंटरवर उलटी केली.

आप्पांनी एक उचललं, रुमालवाल्याच्या पंपावर स्वतः जाऊन फिरवलं. ते शेवटपर्यंत गेलं. आप्पा परत आले आणि पिशवीकडे बघून म्हणाले, ‘‘इतला दिन कोठे व्हतात?’’

‘‘आणखी आहेत.’’

‘‘बठ्ठा लई या.’’

‘‘सगळे? आप्पा, पुष्कळ आहेत.’’

‘‘पंप जुना व्हयना, साहेब, मरना नही!’’ जुना झाला, मेला नाही.

परत येताना एसटीत माझ्या डोक्यात एकच गोष्ट होती. जुन्या नोझलची मागणी आप्पांनी आम्हाला कळवली नव्हती का? कळवली होती, अनेकदा. ती विक्री खात्यात आली आणि तिथेच राहिली. विक्री खातं आणि खरेदी खातं यांच्यामध्ये प्लायवूडचं एक पार्टिशन होतं. पलीकडे नोझल हवं म्हणून मागण्या साचत होत्या आणि अलीकडे मी, नोझल भंगारात निघालेल्या माणसाला ‘वरून नाही’ म्हणून सांगत होतो. पुरवठा साखळीवर मी पुढे बरंच ऐकलं, पण मला ती कळली ती या पार्टिशनमुळे.

आता मात्र बोलावंच लागणार होतं, कारण कंपनीच्या परवानगीशिवाय ती नोझलं बाजारात जाऊ शकत नव्हती. मी बर्वे साहेबांसमोर उभा राहिलो आणि म्हणालो, ‘‘साहेब, निकमांकडे जुन्या आट्यांचा थोडा माल निघालाय.’’

‘‘थोडा?’’

‘‘बराच.’’

‘‘ऑर्डर होती?’’

‘‘तोंडी. माझी.’’

ते रागावले असते तर बरं झालं असतं. ते खिडकीबाहेर बघत म्हणाले, ‘‘मी विचारलं होतं तुम्हाला. तो सगळा माल वापरून मग आटे बदलले असते. काय बिघडणार होतं?’’ मी सटाण्याची हकीगत काढली. मग त्यांनी आप्पांचं सगळं ऐकून घेतलं, प्रश्न विचारले, आणि तिथल्या तिथे ठरवलं की बापूंचा सगळा माल कंपनी सुटे भाग म्हणून घेईल आणि जुन्या आट्यांची नोझलं पुढेही चालू राहतील. दारातून निघताना त्यांनी मला थांबवलं.

‘‘निकमांना वाटलं असेल मीच नाही म्हटलं. त्यांना सांगा, माझ्यापर्यंत हे आलंच नव्हतं.’’

‘‘सांगतो, साहेब.’’

मी अंबडला गेलो आणि बापूंना म्हणालो, ‘‘वरून हो म्हणायला लावलं मी शेवटी.’’

बापूंनी माझे दोन्ही हात धरले. मंदाताई जिन्यात उभ्या होत्या, त्यांनी पदर डोळ्यांना लावला. ‘‘त्या माणसाशी भांडलात आमच्यासाठी,’’ त्या म्हणाल्या. ती वेळ खरं सांगायची होती. मी म्हणालो, ‘‘चालायचंच.’’

यानंतर जे झालं त्याला लोक ‘खैरनारांची साखळी’ म्हणतात. ती बर्वे साहेबांची. महिन्यातून एकदा त्यांनी रिकाम्या गोदामात एक लांब टेबल मांडायला लावलं. एका बाजूला व्हेंडर, दुसऱ्या बाजूला डीलर, मध्ये आमची विक्री आणि खरेदी. बागलाणात छाटणी कधी सुरू, दिंडोरीला कधी, कुठे पाऊस झाला आणि फवारणी वाढणार, हे डीलर सांगायचे आणि नोझल करणारा, टाकी करणारा ते स्वतःच्या कानांनी ऐकायचा. आपण किती करायचं ते तिथेच ठरवायचा. पेट्या घरात ठेवायची गरज उरली नाही. मोठा फायदा हा की त्या टेबलावर ‘वरून’ हा शब्द कुणाला वापरता येत नव्हता. वरचा माणूस समोर भजी खात बसलेला असायचा.

दोन हजार सालानंतर आमच्या आसपासचे कितीतरी कारखाने बंद पडले. काही वर्षं आमचाही नवा पंप फारसा खपला नाही. त्या वर्षांत जुन्या पंपांच्या सुट्या भागांवर आम्ही उभे राहिलो आणि आमच्याबरोबर टेबलाभोवतीचे सगळे. संपादकांच्या विषयाचं उत्तर एवढंच आहे : ज्याला आपण माल विकला आणि ज्याच्याकडून घेतला, ते दोघं एकमेकांना दिसत राहिले तर धंदा टिकतो. मध्ये बसणाऱ्या माणसाने आडवं यायचं नाही.

मी मात्र त्या टेबलावर बर्वे साहेब आणि बापू यांच्या बरोबर मध्ये बसायचो. ठरवून. बापू त्यांच्याशी एक अक्षर बोलत नसत.

‘‘खैरनारसाहेब, तुमच्या साहेबांना सांगा, सळई यंदा उशिरा येतेय.’’

बर्वे साहेब तीन फुटांवर. ‘‘ऐकलं मी, निकम.’’

‘‘ऐकलं तर बरं झालं म्हणावं.’’

सगळे हसायचे. बर्वे साहेबही थोडं हसायचे. त्यांना वाटायचं मी खुलासा केलाय आणि तरीही या माणसाचा राग गेलेला नाही. ते निवृत्त झाले तेव्हा निरोपाच्या जेवणात प्रत्येक व्हेंडरजवळ जाऊन हात मिळवत होते. बापूंपाशी आले तसे बापू उठून स्कूटरकडे चालू लागले. बर्वे साहेब हात पुढे धरून तसेच उभे राहिले. मग माझ्याकडे वळून हळूच म्हणाले, ‘‘हे निकम मला कधी माफ करणार नाहीत का हो?’’

मी म्हणालो, ‘‘स्वभाव आहे, साहेब.’’

आणि बापूंनी आपल्या नव्या, मोठ्या गाळ्याचं उद्घाटन माझ्या हातून केलं. दर हंगामाला चुलत्यांच्या मळ्यातली पहिली द्राक्षं माझ्या घरी पाठवली. माझी मुलं त्यांना बापूकाका म्हणत वाढली. ती द्राक्षं मी कशी गिळली ते मला ठाऊक.

बर्वे साहेब गेले त्याला काही वर्षं झाली. हा लेख लिहायला घेतला तेव्हा त्यांच्या पत्नीला पुण्याला फोन केला आणि सगळं सांगितलं. बाईंनी निकमांचं नाव पुन्हा विचारून घेतलं. मग म्हणाल्या, ‘‘ते शेवटपर्यंत म्हणायचे, नाशिकला एका माणसाच्या बाबतीत माझ्याकडून काहीतरी चुकलं, पण काय ते कळलं नाही.’’ आणि पुढे म्हणाल्या, ‘‘छापायच्या आधी निकमांना सांगा. त्यांनी हे वाचून कळून घेऊ नये.’’

म्हणून गेल्या रविवारी गेलो. बापू थकलेत, गाळा आता मुलगा बघतो. मंदाताई स्वयंपाकघरात होत्या. मी हे कागद बाहेर काढले आणि ‘मी विचारलं नाही’ इथपर्यंत वाचलं. पुढे वाचवेना, तोंडी सांगितलं. बर्वे साहेबांनी काय विचारलं होतं, मी काय उत्तर दिलं होतं, ‘वरून’ म्हणजे वर कुणीच नव्हतं, मीच होतो. निरोपाच्या जेवणात ते मला काय म्हणाले तेही सांगितलं.

मंदाताई पोळी लाटायचं थांबवून दारात आल्या.

बापू म्हणाले, ‘‘म्हणजे मी इतकी वर्षं त्या माणसाला शिव्या घातल्या.’’

‘‘हो.’’

‘‘रोज सकाळी मशीन चालू करताना घालायचो. मंदे, घालायचो का नाही?’’

‘‘घालायचात. आधी शिवी, मग उदबत्ती.’’

‘‘आणि हा गप बसला.’’ ते मंदाताईंना सांगत होते, पण बघत माझ्याकडे होते. ‘‘त्या माणसाचा हात पुढं होता गं. मी पाठ फिरवली.’’

ते उठले, खिडकीपर्यंत गेले, परत आले. मग माझ्यासमोर उभं राहून त्यांनी मला एक शिवी दिली. चांदवडकडची, सणसणीत, आईपासून सुरू होणारी. दिवाळी अंकात छापता येणार नाही. ती पुरी झाल्यावर दुसरी दिली. मंदाताईंनी थांबवलं नाही. मी मान खाली घातली नाही, दोन्ही नीट ऐकून घेतल्या. छातीवरचं काहीतरी इतकं हलकं झालं की मला हसू यायला लागलं आणि डोळेही भरले, एकदमच.

‘‘हसतोय काय?’’ बापू ओरडले.

‘‘काही नाही. बरं वाटलं.’’

‘‘बरं वाटलं म्हणे!’’ ते खुर्चीत बसले. दम लागला होता त्यांना. मंदाताई पाणी घेऊन आल्या, बापूंनी अर्धा पेला प्यायला आणि उरलेला माझ्यापुढे सरकवला.

बर्वेबाईंचा नंबर त्यांनी मागितला. मी कागदावर लिहून दिला. त्यांनी तो चष्मा लावून नीट वाचला, खिशात ठेवला आणि म्हणाले, ‘‘आज नाय. उद्या बोलीन.’’

आता निघावं म्हणून मी चपला शोधायला लागलो. आतून कुकरची शिट्टी झाली.

‘‘कुठं निघाला?’’ बापू म्हणाले. ओळख झाल्यापासून त्यांनी मला ‘साहेब’ जोडल्याशिवाय कधी हाक मारली नव्हती. ‘‘बस, खैरनार. जेवून जा.’’

मी बसलो.